धूळ की बी?

४ मार्च

आज प्रयोगशाळेत त्या यंत्राचं आगमन झालं. अधीक्षक स्वतः फीत कापायला आले. फोटोत मला मधोमध उभं केलं. चौतीस वर्षं मी मोकपोच्या या रुग्णालयात लोकांचे रक्तगट तपासते आहे, आजवर माझा फोटो काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. पेटी आली आणि सगळ्यांना कॅमेरे सुचले.

यंत्र म्हणजे एक पांढरी पेटी आणि आत एक कॅमेरा. नळीत रक्त आणि औषध घालायचं, नळी हलवायची, पेटीत ठेवायची. पेटी फोटो काढते, पूर्वी पाहिलेले लाखभर फोटो आठवते आणि गट सांगते. वर स्वतःची खात्री टक्क्यांत सांगते. पाहायचं काय असतं? ए च्या नळीत गुठळ्या झाल्या तर ए, बी च्या नळीत झाल्या तर बी, दोन्हींत झाल्या तर एबी, कशातच नाही तर ओ. एवढ्यासाठी सेऊलहून पेटी. घरी आयत्या सुना असताना भात ढवळायला शेजारीण बोलावण्यातला प्रकार. पेटीला एकच डोळा आहे, म्हणून मी तिचं नाव एकाक्ष ठेवलं.

पेटीबरोबर प्यो नावाचा इंजिनिअर आला आहे, तीन महिने राहणार. अडतीस वर्षांचा घोडा, पण केसांना कंगवा लागलेला नाही. मी पहिल्यांदा गटच विचारला, माणसाचा स्वभाव त्यावरूनच कळतो.

"बी, प्रमुखबाई."

"वाटलंच. बी वाले आपल्याच तंद्रीत."

"आणि तुम्ही नक्की ए."

"कशावरून?"

"टेबलावरच्या पेन्सिली उंचीप्रमाणे लावल्या आहेत."

आगाऊ आहे. पण बरोबर ओळखलं. मी ए. वेळेवर येणारी, दिलेला शब्द पाळणारी, दुसऱ्याने पुसलेलं टेबल परत पुसणारी. शाळेत असल्यापासून सगळे म्हणत आले, सुन-रे म्हणजे ए चा नमुना.

११ मार्च

एकाक्षाला शिकवावं लागतं म्हणे! मी नळी डोळ्यांनी पाहून उत्तर लिहायचं. पेटीचं उत्तर वेगळं आलं तर माझंच खरं धरायचं आणि पेटीने त्यावरून सुधारायचं. नावं झाकलेली, नमुन्यांना नुसते क्रमांक.

"म्हणजे माझी चूक झाली तर ही चूकच शिकणार?" मी प्योला विचारलं.

"तुमची चूक होते का?"

"नाही."

"मग झालं तर. तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा."

हे मात्र मला आवडलं.

१८ मार्च

आज हसून हसून पुरेवाट झाली. ज्यांचा गट पक्का माहीत आहे असे नमुने हवेत, म्हणून प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी आपापलं रक्त दिलं. माझा क्रमांक एक्केचाळीस. एकाक्ष म्हणतं, ए ठाम, बी क्षीण, खात्री एकोणनव्वद टक्के. म्हणजे मी एबी! एकोणसाठाव्या वर्षी एका पेटीकडून मला माझा गट कळावा?

नळी हातात घेऊन उजेडात धरली. बी च्या नळीत तळाशी चार बारीक कण होते. धूळ. मग उलटी तपासणीही केली. ज्याच्या अंगात बी असतो त्याचं रक्त बी च्या पेशींशी भांडत नाही. माझं भांडलं. जरा सावकाश भांडलं, पण आता वय झालं, सगळंच सावकाश होतं. लिहून टाकलं: ए. शेरा: धूळ.

नमुना कोणाचा ते प्योला माहीत नव्हतं. तो म्हणाला, "पेशी धुवून पुन्हा पाहायच्या का?"

"मी या हातांनी किती नळ्या हलवल्या असतील, माहीत आहे?"

"नाही."

"मग गप्प बस."

घरी तेहोच्या बाबांना सांगितलं. हे बस चालवून निवृत्त झालेले, गट ओ, दोन पायांत दोन रंगांचे मोजे. म्हणतात, "तेहोची आई, तुझ्यात थोडासा बी निघाला असता तर या घरात कधीतरी उशिरा उठता आलं असतं."

३० मार्च

तेहो आणि चेरिन नातीला, सोयुलला घेऊन जेवायला आले. चेरिन म्हणजे माझी सून. फेरीबोटीच्या तिकीट खिडकीत बसते. दिवसभर खलाशी, कोळी, पर्यटक सगळ्यांशी खिदळायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. गट ओ. ओ वाले सगळ्यांचे मित्र, असं लोक कौतुकाने म्हणतात. सगळ्यांचे मित्र असणं मला तरी कौतुकाचं वाटत नाही.

तिने कांद्याच्या पातीची किमची आणली होती. पाती वीतभर लांब. मी नुसती कात्री आणून सगळी कापली. ती म्हणते, "आई, सोयुलच्या कानाच्या पाळ्या पाहिल्यात? अगदी तुमच्या." लोणी लावायची कला आहे तिच्याकडे. मला तर पोरीत आमच्या घरचं काही दिसत नाही. असली हसरी मुलं आमच्याकडे होत नाहीत.

परवा पावसात तिला गाडीतून घरी कोणी सोडलं, तर तिकीट खिडकीतल्या सोक नावाच्या सहकाऱ्याने. हे तिनेच सांगितलं, स्वतःहून, सगळ्यांसमोर. लपवायचं असलं की लोक असंच आधी सांगून टाकतात.

२३ एप्रिल

नोंद आजच्या आज झाली पाहिजे.

सोयुलला जांघेत हर्निया आहे. पुढच्या आठवड्यात छोटी शस्त्रक्रिया, त्याआधी रक्तगट. नात आमची, तेव्हा नळी मी स्वतः लावली. क्रमांक तीनशे सहा. तेहो ए. तो जन्मला तेव्हा तिसऱ्या दिवशी मीच तपासला, लष्करात त्याच्या गळ्यातल्या बिल्ल्यावरही ए च होतं. चेरिन ओ. ए आणि ओ यांचं मूल ए होईल नाहीतर ओ. हे शाळेतल्या पोरालाही कळतं.

एकाक्ष म्हणतं, ए ठाम, बी क्षीण. खात्री एक्क्याण्णव टक्के.

मी नळी उजेडात धरली. बी च्या नळीत तळाशी बारीक कण. हलवलं, तरी एकमेकांना धरूनच होते. धूळ अशी धरून राहत नाही. पेशी तीनदा धुतल्या, तीनदा पाहिलं. तिन्ही वेळा तेच. एकाक्षाला कधी नव्हे ते नीट दिसलं. लिहिलं: एबी, बी क्षीण.

तेहोत बी नाही. चेरिनमध्ये बी नाही. बी काही आभाळातून पडत नाही.

२४ एप्रिल

मागे रक्तदान शिबिरात फेरीबोटीच्या कचेरीतली सगळी माणसं येऊन गेली होती. नोंदवही उघडली. उघडायला नको होती हे मला माहीत आहे, नियम मीच भिंतीवर लावलेला आहे. पण आजीचा हक्क नियमाहून मोठा.

सोक: बी.

यात मला आश्चर्य वाटलं नाही. आनंद तर मुळीच वाटला नाही. फक्त आपलं निरीक्षण बरोबर होतं याचं एक समाधान असतं, तेवढंच.

२९ एप्रिल

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. रक्त द्यावं लागलं नाही. शुद्धीवर आल्यावर सोयुलने माझं बोट धरलं. मी सोडवून घेतलं. कोणाचं मूल कोण जाणे.

८ मे

आज पालकदिन. बोलले. बोलायलाच हवं होतं.

जेवण संपत आलं होतं. चेरिनने माझ्या छातीवर लाल कार्नेशनचं फूल टाचलं, यांच्याही लावलं. सोयुल यांच्या मांडीवर बसून समुद्रशेवाळाचं सूप अंगावर सांडत होती.

"चेरिन, तुझा गट ओ ना?"

"हो, आई."

"तेहोचा ए."

"हो."

"मग सोयुलमध्ये बी कुठून आला?"

ती हसली. तिला वाटलं मी कोडं घातलं. "कुठून आला?"

"ते तू सांगायचंस."

यांनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. चेरिनचं हसू हळूहळू गेलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, तेहोकडे पाहत होती.

तेहो म्हणाला, "आई, तू पुन्हा तपासलंस?"

"तीनदा. पेटीलाही तेच दिसलं."

"तेहो," चेरिन म्हणाली. एवढंच. मग त्याच्या उत्तराची वाट पाहत राहिली.

तेहो सुपाकडे पाहून म्हणाला, "अगं, पण आई कधी चुकत नाही."

चेरिन उठली. पोरीच्या पायात बूट घातले, तिचं तोंड पुसलं. रडली नाही, ओरडली नाही. खरी असती तर ओरडली असती, असं मला वाटतं. हे तिच्यामागून पिशवी घेऊन निघाले. दारात मला म्हणाले, "एकतीस वर्षं बस चालवली. समोरून येणारा कसा आहे ते मला पाहिल्यावर कळतं. ही पोर सरळ आहे."

बसवाल्याला अनुवंशशास्त्र कोण समजावणार!

१२ मे

चेरिन सोयुलला घेऊन हेनामला माहेरी गेली आहे. तेहो रोज संध्याकाळी येऊन जेवतो आणि टीव्ही न लावता टीव्हीकडे पाहत बसतो. मी त्याचं आवडतं आंबवलेलं वाघळी माशाचं मांस आणलं. वासानेच उठून गेला.

हे माझ्याशी बोलत नाहीत. परवा एकटेच हेनामला जाऊन आले. जाताना सोयुलसाठी पेअरचा रस घेऊन गेले. मी विचारलं, काय म्हणाली? तर म्हणे, "कोण?"

खरं बोलणाऱ्याच्या वाट्याला हेच येतं.

२१ मे

प्योने आज यादी आणली. कोणत्या नमुन्यांवर माझं आणि एकाक्षाचं जुळलं नाही, कुठे जुळलं, सगळं नीट मांडलेलं. बी वाला असून.

"प्रमुखबाई, सगळीकडे तुम्ही बरोबर आहात. एकाच ठिकाणी यंत्र अडकलं आहे."

"बुद्धी कमी पडली असेल."

"हे दोन फोटो पाहा. एक्केचाळीस आणि तीनशे सहा."

पडद्यावर शेजारी शेजारी लावले होते. दोन नळ्या, तळाशी बारीक कण.

"एक्केचाळीसला तुम्ही लिहिलंत धूळ. तीनशे सहाला लिहिलंत बी क्षीण. यंत्राला दोन्ही सारखेच दिसतात. मला तर इतके सारखे दिसतात की ही दोन माणसं एका घरातली असावीत." आणि हसला. नावं त्याला माहीत नाहीत. "यातलं कोणतं शिकवू ते सांगा. धूळ की बी?"

मी म्हणाले, उद्या सांगते.

२२ मे

सगळ्यांच्या आधी गेले. स्वतःचं रक्त काढलं. पेशी धुतल्या. मार्चमध्ये ज्या धुवायला मला कमीपणा वाटला होता, त्या आज तीनदा धुतल्या.

आहेत. कण तिथेच आहेत, एकमेकांना धरून.

दुपारी तेहोला बोलावलं. "आता आणखी काय?" म्हणाला आणि बाही वर केली. त्याच्या नळीतही तेच. माझ्यात, त्याच्यात, पोरीत.

एक प्रकार असतो. ए आणि बी एकाच दोरीला बांधलेले असतात आणि दोन्ही मिळून पुढच्या पिढीत उतरतात. बी इतका क्षीण की पाहणारा त्याला हमखास ए म्हणून मोकळा होतो. उलटी तपासणीही फसवते, कारण बी अर्धवट असला की रक्त बी शी थोडं भांडतंच. थोडं. सावकाश. जगात विरळा, पण आमच्या या दक्षिणेकडच्या मुलखात त्यातल्या त्यात जास्त. ओ बायकोच्या पोटी अशा माणसाचं मूल एबी निघतं आणि मग अडाणी घरांत त्या बाईला बोल लावतात.

हे मला पुस्तकात शोधावं लागलं नाही. हे मी शिकवते. दर वर्षी नव्याने लागलेल्या मुलींना, फळ्यावर आकृती काढून. 'अडाणी घरांत' हे शब्दही माझेच.

तिघांचे नमुने ग्वांगजूला जनुकांच्या तपासणीसाठी पाठवले. तेहोला काही सांगितलं नाही. खात्री नको का आधी?

२६ मे

यांनी विचारलं, "तेहोचं रक्त कशाला काढलंस?"

"तपासणी चालू आहे."

"तुला काही कळलंय."

"अहवाल आल्याशिवाय मी बोलत नाही."

"त्या दिवशी बरी बोललीस," म्हणाले आणि अंगणात जाऊन बसले.

खरंतर हेनामला आजच जाता आलं असतं. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, यंत्राने सांगितलेलं आहे. तिला दोषी ठरवायला एवढं मला पुरलं होतं. सोडवायला पुरत नाही. असं का, ते मला लिहिता येत नाही. सोमवारी अहवाल येईल.

५ जून

अहवाल सोमवारी आला नाही, आज आला. तिघांतही तोच जनुक. बी माझा आहे. माझ्याकडून तेहोत, त्याच्याकडून सोयुलमध्ये.

मी प्योला सांगितलं, "एक्केचाळीसचं उत्तर बदल. बी क्षीण."

"म्हणजे यंत्र बरोबर होतं?" त्याला आनंद झाला. मग माझं तोंड पाहून म्हणाला, "कोण आहे एक्केचाळीस?"

"आहे एक मूर्ख बाई," मी म्हणाले.

तेहोला अहवालाचा कागद दाखवला. त्याने दोनदा वाचला, मोबाइलवर फोटो काढला आणि निघून गेला. चप्पल माझीच घालून गेला.

८ जून

हेनामला जाऊन आले. एकटी. यांना म्हणाले, गाडीने सोडा. तर म्हणे, "हा रस्ता तुझा तू जा."

शेतात लसणाची काढणी चालू होती. चेरिन ओसरीवर बसून जुड्या बांधत होती. तिची आई मला पाहून आत गेली. सोयुल मातीत बसली होती. मला ओळखून दोन्ही हात वर केले. मी उचललं नाही. कोणत्या तोंडाने उचलणार होते?

पाठ करून गेले होते. उभ्यानेच सगळं सांगितलं. दोरी, ए आणि बी, माझी नळी, माझा शेरा. म्हणाले, "चूक माझी. तुझ्यावर जे बोलले ते खोटं होतं. ज्यांच्यासमोर बोलले त्यांच्यासमोर पुन्हा सांगेन, पाहिजे तर साऱ्या गोतावळ्यासमोर सांगेन." आणि कागद पुढे केला.

तिने हात पुसले नाहीत, कागदही घेतला नाही. "तेहो काल येऊन गेला," म्हणाली. "त्यानेही हाच दाखवला. फोटो काढून आणला होता."

"त्याचा दोष नाही. मी सांगितलं म्हणून तो..."

"आई, एक विचारू?"

"विचार."

"अहवाल उलटा आला असता तर तुम्ही आला असता?"

मी चौतीस वर्षं नोंदवहीत जाणूनबुजून खोटं लिहिलेलं नाही. आता तोंडाने कुठे बोलू?

"नाही," म्हणाले.

तिने मान डोलावली, जसं काही एवढंच तपासायचं होतं. "बाबा दर आठवड्याला येतात. त्यांनी मला अजून काहीच विचारलेलं नाही. तुम्हाला कागद लागला. तेहोलाही लागला. आठ मेला सोयुल तीच होती आणि मीही तीच होते."

मग पुढची जुडी घेतली. मी उभीच. थोड्या वेळाने तिने पोरीला मातीतून उचलून कडेवर घेतलं, तिचा हात स्वतःच्या हातात धरला आणि म्हणाली, "सोयुल, आजीला टाटा कर."

पोरीने केला. बसला अजून चाळीस मिनिटं होती, आणि मला बसा असं कोणी म्हटलं नाही.